मध्यम बोअर: .३१५ पासून .३७५ पर्यंत

मराठवाड्यात देशमुखी-जहागिरीच्या घरांत निजामाच्या काळातल्या रायफली अजून टिकून आहेत. वारसाने परवाना नावावर होतो, रायफल कपाटातून बाहेर निघते आणि पहिला प्रश्न उभा राहतो: हिला काडतूस कोणतं? नळीवर ‘.३७५’ (बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) एवढंच कोरलेलं असतं आणि तेवढ्यावर भागत नाही. या एका आकड्याखाली निदान पाच वेगवेगळी काडतुसं निघाली. १८९९ चं अडीच इंची कडावालं (बुडाला बाहेर आलेली कड असलेलं) नायट्रो एक्स्प्रेस, १९०५ चं .४००/.३७५, मॅनलिकर-शोनाउअरचं ९.५×५७ (विलायतेत तेच ‘.३७५ रिमलेस’ म्हणून विकलं गेलं), १९१२ चं पट्टेवालं .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आणि दुनळी रायफलींसाठी काढलेली त्याचीच कडावाली आवृत्ती. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. नुसतं आत गेलं म्हणून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) दाबून बंद करणं म्हणजे तोंडाजवळ सुरुंग लावणं. परवानाधारक गन्समिथकडून चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचा, साचा काढून घ्यायचा. जुने लोक वितळलेलं गंधक ओतून काढत, आता कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वापरतात. साचा कॅलिपरने मोजायचा आणि मग काडतुसाचं नाव ठरवायचं.

८ मिलिमीटरवाल्यांनी तर आणखी जपावं. जर्मन ८×५७ मध्ये दोन जाती आहेत. १८८८ ची जुनी जात .३१८ इंच जाडीच्या गोळीची, १९०५ नंतरची .३२३ इंचांची. खोक्याचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा, आकार जवळपास सारखाच, त्यामुळे नवं काडतूस जुन्या चेंबरमध्ये बसूही शकतं. पण जाड गोळी बारीक नळीत रेटली की दाब वाढतो आणि तो बोल्टवर येतो. आणि वेस्टली रिचर्ड्सच्या .३१८ चा या .३१८ शी काडीचा संबंध नाही, तिची गोळी .३३० इंचांची. बोअरच्या नावावर कधी जाऊ नये, एवढं यावरून कळावं.

आधी कायद्याचं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. गौताळ्यात, किनवटच्या जंगलात, येडशीला किंवा नायगावच्या मोरांच्या अभयारण्यात रायफल घेऊन फिरण्याचा विषयच नाही. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचा असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हातात पाहिजे. ही दोन्ही जनावरं २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची २ मध्ये आहेत. काळवीट अनुसूची १ मध्ये आहे. अंधारात काळवीटाची मादी रोहीची पाडी वाटली, ही सबब ऐकून घ्यायला कोणी बसलेलं नाही. शस्त्राच्या बाजूने .३०३ आणि ७.६२ मिमी हे बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहेत. म्हणून साध्या परवान्यावर येतात त्या ऑर्डनन्सच्या .३१५ आणि .३०-०६, आणि वारसाहक्काने आलेल्या जुन्या विलायती रायफली.

मध्यम बोअर कशाला म्हणावं यावर एकमत नाही. साधारण .३३ ते .४० इंच ही हद्द धरली जाते. .३१५ आणि .३०-०६ तिच्या उंबरठ्याबाहेर आहेत, पण आपल्याकडे हातात त्याच असल्यामुळे त्यांना बाजूला ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

सगळे आधी ज्यावर तुटून पडतात ते आकडे घेऊ. .३७५ एच अँड एच ३०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे पाउंडाचा सात हजारावा भाग) गोळी सेकंदाला सुमारे २५३० फुटांनी सोडतं. नळीच्या तोंडाशी ऊर्जा ४२६० फूट-पाउंडांच्या आसपास. १९५८ चं .३३८ विंचेस्टर मॅग्नम २५० ग्रेन २६६० फुटांनी, ऊर्जा ३९०० च्या पुढे. बर्लिनचे गन्समिथ ऑटो बॉक यांचं १९०५ चं ९.३×६२ हे २८६ ग्रेन २३६० फुटांनी, ऊर्जा ३५०० च्या थोडी वर. .३०-०६ चं १८० ग्रेन २७०० फुटांनी, ऊर्जा २९००. आणि आपलं .३१५, म्हणजे मुळातलं ऑस्ट्रियन ८×५० कडावालं मॅनलिकर, २४४ ग्रेन साधारण २१०० फुटांनी, ऊर्जा २४०० च्या आत. या रांगेत .३१५ सगळ्यात तळाला दिसतं आणि पानटपरीवरच्या गप्पांत त्याचा निकाल तिथेच लागतो.

पण ऊर्जेचा आकडा जनावराच्या अंगात गोळी किती खोल जाईल ते सांगत नाही. याला उत्तम दाखला म्हणजे .३१८ वेस्टली रिचर्ड्स (१९१०) आणि .३५ व्हेलेन (१९२२). दोघांची गोळी २५० ग्रेनची, दोघांचा वेग २४०० फुटांच्या आसपास, म्हणून ऊर्जा बरोबर सारखी, ३२०० फूट-पाउंड. तरी .३१८ ची गोळी खोल जाते, कारण तेवढंच वजन बारीक व्यासात बसवलं की गोळी लांब होते. पोत्यात दाभण शिरतं तशी पाचर शिरत नाही. हे मोजायची रीत सोपी आहे: गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्या, ७००० ने भागा, आलेल्या आकड्याला गोळीच्या इंचांतल्या व्यासाच्या वर्गाने भागा. .३१८ चा आकडा येतो .३२८, व्हेलेनचा .२७९. याला छेद-घनता म्हणू. .३७५ च्या ३०० ग्रेनला .३०५, ९.३ च्या २८६ ग्रेनलाही .३०५, .३३८ च्या २५० ग्रेनला .३१३. आणि तळाला बसवलेल्या .३१५ च्या २४४ ग्रेनला (गोळी प्रत्यक्षात .३२३ इंचांची) .३३४! .३०-०६ चा १८० ग्रेन .२७१ वरच राहतो; त्याला ही उंची गाठायची तर २२० ग्रेनची गोळी घ्यावी लागते.

अर्थात छेद-घनता ही गोळी अखंड राहिली तरच खरी. गोळी पसरली की व्यास वाढतो, तुकडे झाले की वजन जातं, आणि हिशेब कोलमडतो. साधी सॉफ्ट नोज म्हणजे तांब्याच्या कवचात शिसं आणि पुढे उघडं टोक. २००० ते २४०० फुटांच्या वेगाला ती छान वागते: टोक छत्रीसारखं उघडतं, मागचं बूड शाबूत राहतं. तीच बांधणी २८०० फुटांनी ५० मीटरवरच्या खांद्याच्या हाडावर आदळली की कवच फाटतं, शिसं भुकटी होतं आणि वर वर मोठी जखम होऊन जनावर निघून जातं. १९४६ मध्ये जॉन नोस्लर यांना मूस या मोठ्या हरणावर .३०० मॅग्नममधून नेमका हाच अनुभव आला, त्यातून मध्ये आडवी भिंत असलेली पार्टिशन गोळी तयार झाली आणि १९४८ पासून विकली जाऊ लागली. पुढचं अर्ध फुटलं तरी भिंतीमागचं शिसं जागेवर राहतं. त्यानंतर कवचाला शिसं जोडलेल्या गोळ्या आल्या, सबंध तांब्याच्या आल्या. .३३८ आणि त्याच्या जातीची वेगवान काडतुसं या गोळ्यांमुळे उपयोगी झाली. साध्या सॉफ्ट नोजवर जवळच्या पल्ल्यात मी .३३८ पेक्षा ९.३ वर जास्त भरवसा ठेवीन.

९.३×६२ ची गंमत अशी की ते कुठेच पहिलं येत नाही आणि तरी सगळीकडे पुरून उरतं. बॉक यांनी ते साध्या मॉझर ९८ च्या यंत्रणेत बसेल असं आखलं, त्यामुळे रायफल स्वस्तात बनत असे, आणि आफ्रिकेतल्या जर्मन मळेवाल्यांनी ती एलँड या मोठ्या हरणापासून हत्तीपर्यंत वापरली. .३७५ ला मात्र ३.६ इंच लांबीचं काडतूस मावेल एवढी लांब यंत्रणा लागते, त्यामुळे रायफल जड आणि महाग. नऊ पाउंडांच्या रायफलीत खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ चा सुमारे २०, ९.३ चा ३०, .३३८ चा ३५ आणि .३७५ चा ४० फूट-पाउंडांच्या घरात. तीस फूट-पाउंडांपर्यंत बहुतेकांना सरावाने जमतं. त्यापुढे माणूस घोडा ओढायच्या क्षणी डोळे मिटतो, आणि मिटलेल्या डोळ्यांनी मारलेली .३७५ ही उघड्या डोळ्यांच्या .३१५ पेक्षा वाईट.

तरीही .३७५ ला शंभर वर्षांहून अधिक काळ मान आहे तो उगाच नाही. आफ्रिकेत अनेक ठिकाणी म्हैस, हत्ती अशा जनावरांसाठी किमान बोअर म्हणून हेच ठरवलेलं आहे. सॉफ्ट नोज आणि सॉलिड (न पसरणारी गोळी), ही दोन्ही बऱ्याच रायफलींत जवळजवळ एकाच जागी लागतात, अशी त्याची ख्याती आहे. हे प्रत्येक रायफलीवर तपासून घ्यायचं, गृहीत धरायचं नाही. खोक्याचा खांदा उतरता आणि अंग निमुळतं, म्हणून उन्हातसुद्धा रिकामं खोकं चेंबरला न चिकटता बाहेर येतं. बुडाजवळचा पट्टा ताकदीसाठी आहे असं अनेकांना वाटतं. तो ताकदीसाठी नाही: इतक्या उतरत्या खांद्यावर काडतूस नेमक्या जागी थांबत नाही, म्हणून थांबायला पट्टा दिला.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं काडतूस त्याहून कितीतरी जास्त तापतं. जुन्या विलायती काडतुसांतली दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या लांब काड्यांची. ती तापली की दाब वाढतो. म्हणूनच विलायतेतले बंदूकवाले हिंदुस्थान-आफ्रिकेसाठी दारू कमी घातलेली वेगळी काडतुसं बनवत आणि दुनळी रायफली त्याच हिशेबाने जुळवत. थंड हवेसाठीचं काडतूस आपल्या उन्हाळ्यात वापरलं तर बोल्ट जड उचलला जातो, खोकं अडकतं, टोपी (बुडातली, दारू पेटवणारी) चपटी होऊन तिच्या कडा पसरतात. यातलं एक जरी दिसलं तरी ती पेटी तिथेच थांबवायची. आजची दारूही उष्णतेने थोडी बदलतेच. काडतुसं सावलीत, कापडी पिशवीत, अंगाजवळ न ठेवता.

वडिलोपार्जित पेटीतली काडतुसं मात्र जपून ठेवायची वस्तू आहेत, झाडायची नाहीत. खोक्याच्या मानेवर केसासारखी उभी चीर दिसते का ते भिंगाने बघा. पितळ जुनं झालं की मान तडकते. हिरवट कळंक चढलेला असेल तर गोळी आणि मान एकमेकांना धरून बसलेली असते आणि सुटताना दाब वाढतो. शिवाय जुन्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर नळीत क्षार राहतो, क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि जूनच्या पहिल्या पावसात नळी आतून लाल होते. तेलाने तो क्षार निघत नाही, त्याला पाणीच लागतं. अशी काडतुसं झाडली गेली असतील तर त्याच संध्याकाळी चेंबरच्या बाजूने उकळतं पाणी ओता, नळी गरम असतानाच कोरडी पुसा, मग तेल. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेली रायफल परत आली की आधी नळी उजेडाकडे धरून बघा, मग घरी न्या.

आता .३१५ कडे. इंग्रजांनी लष्करी बोअर हिंदी लोकांच्या हातात नको म्हणून .३०३ बंद केलं, आणि बर्मिंगहॅमच्या बीएसएसारख्या कारखान्यांनी त्याच घडणीच्या रायफली ८×५० मध्ये बनवून इथे विकल्या. पुढे ऑर्डनन्स कारखान्यांनी तोच बोअर चालू ठेवला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बुडावर ‘केएफ’ छाप म्हणजे तिथला माल. काडतुसाला कडा आहे आणि मॅगझिन भरताना चूक तिथेच होते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे आली पाहिजे. मागे राहिली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत गुंततात आणि रायफल नेमक्या नको त्या वेळी अडते. भरून झाल्यावर वरच्या काडतुसाचं टोक अंगठ्याने हलकेच खाली दाबून सोडा. ते पुन्हा वर उसळलं तर रचना बरोबर आहे.

या काडतुसाची खरी मर्यादा जोराची नसून पल्ल्याची आहे. उघड्या माशीवर (दुर्बिणीशिवाय) १०० यार्डांना नेम जुळवला तर १५० ला गोळी सुमारे ३ इंच खाली लागते, २०० ला ९ ते १० इंच. म्हणजे छातीवर धरलेला नेम पायांवर जातो. दुर्बीण लावून त्याच १०० यार्डांच्या जुळवणीवर २०० ला ९.३ साधारण ६ इंच खाली, .३७५ पाच, .३०-०६ चार-साडेचार. म्हणून .३१५ वाल्याने १२० यार्डांपुढे विचारच करू नये, आणि परवानगी घेऊन पीक राखायला बसलेल्या माणसाला त्याहून लांब मारायची गरजही पडत नाही.

रोहीवर कोणतं काडतूस पुरतं याची सगळ्यात जास्त माहिती आपल्याकडे नाही, टेक्सासात आहे. १९२०-३० च्या दशकांत दक्षिण टेक्सासच्या कुरणांत नेलेले रोही तिथे फोफावले आणि तिथे त्यांची रीतसर शिकार होते. नर २०० किलोच्या वर जातो, मान आणि खांद्यावरचं कातडं अतिशय जाड. जखमी रोही लांब पळतो आणि कातडं जखमेवर ओढलं जात असल्यामुळे रक्ताचा माग फारसा पडत नाही. तिथले जाणकार .३०० मॅग्नमपासून .३७५ पर्यंत सुचवतात, पण ते २०० यार्डांपलीकडच्या मोकळ्या कुरणाच्या हिशेबाने. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर, चांगल्या बांधणीची २२० ते ३०० ग्रेनची गोळी ६०-७० मीटरवरून लागली तर वरच्या यादीतल्या कोणत्याही काडतुसाला काम होतं. पोटात लागली तर .३७५ सुद्धा काही वाचवत नाही. पोक्त नर डुकराच्या खांद्यावर चिवट कूर्चेची ढाल असते आणि काळीज खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. खांद्यामागे वरती मारणारे म्हणूनच डुक्कर घालवतात.

आपल्या भागात काडतूस निवडताना विलायती पुस्तकांत नसलेली एक गोष्ट आधी बघावी लागते: गोळी पलीकडून बाहेर पडल्यावर कुठे जाणार. काळ्या रानात टेकाड नाही, मागे काही नाही. ज्वारी-हरभऱ्याच्या दिवसांत वीज बऱ्याचदा रात्रीची असते, म्हणजे दोन धुऱ्यांपलीकडे कोणीतरी पाणी द्यायला उभा आहे आणि आखाड्यावर कोणीतरी झोपलेलं आहे. रायफलची गोळी वर कोन मिळाला तर तीन-चार किलोमीटर जाते. .३७५ रोहीच्या बरगड्यांतून आरपार जाऊन पुढे पुष्कळ जोर शिल्लक ठेवते. मोठ्या बोअरचा हा तोटा कोणी मोजत नाही.

हिशेब करून बघा. जमिनीवर उभा राहिलेला माणूस पाच फुटांवरून ४० यार्डांवरच्या जनावराच्या तीन फूट उंचीवर मारतो. आरपार गेलेली गोळी पुढे आणखी १८० फुटांवर जमिनीला लागते, तीही एक अंशाहून कमी कोनात. तापून टणक झालेली काळी माती असो की धुऱ्यावरचा काळा दगड, एवढ्या कोनात ती उसळणारच. तेच बारा फुटी माळ्यावर बसलं तर डोळा पंधरा फुटांवर येतो, उतार दहाला एक पडतो आणि आरपार गेलेली गोळी जनावराच्या पलीकडे ३० फुटांत मातीत जाते. २० यार्डांवर बसण्याची सोय असेल तर उतार पाचाला एक. नांगरलेल्या मऊ रानात ती तिथेच राहते. दगड असलेली बाजू दिवसा फिरून बघून ठेवा, त्या बाजूला घोडा ओढायचाच नाही. शेजाऱ्यांना बसण्याची वेळ आणि दिशा फोनवर सांगून ठेवा.

माळ्यावरून खाली मारताना नेम मात्र बदलायचा नाही. इतक्या कमी पल्ल्यात उताराने पडणारा फरक बोटाएवढाही नसतो. बदलतो तो गोळी बाहेर पडण्याचा ठिपका. वरून येणारी गोळी पलीकडच्या बाजूला खाली निघते, म्हणून पलीकडचा पुढचा पाय मनात धरून अलीकडे थोडं वर लावायचं.

दुनळीवाल्यांसाठी एक शेवटचं. दुनळी रायफलच्या दोन्ही नळ्या ठराविक वजनाच्या, ठराविक वेगाच्या गोळीवर जुळवलेल्या असतात आणि तो मजकूर बहुधा नळ्यांच्या खालच्या चपट्या भागावर कोरलेला असतो. हलकी किंवा वेगवान गोळी घातली की डावी-उजवी एकमेकींपासून फाकतात किंवा एकमेकींना ओलांडतात. ५० यार्डांवर कागद लावा, उजवी, मग लगेच डावी, नळ्या थंड होऊ द्या, पुन्हा तेच. दोन्ही जोड्या तीन इंचांच्या वर्तुळात आल्या तर काडतूस जुळलं. नाही आल्या तर दृष्टीसाधन हलवून काही उपयोग नाही, काडतूस बदला.